कोनकाका

"कोण काका?" असं नव्या भाडेकरूनं विचारलं, की आमच्या सोसायटीत "हो, तेच!" असं उत्तर मिळतं. भाडेकरू गोंधळतो. मग कुणीतरी समजावतं: 'कोण'मधला ण नव्हे, आइस्क्रीमच्या कोनातला न. व्हीएलसी नावाचा व्हिडिओ चालवणारा जो फुकट प्लेअर आहे, त्याचं चिन्ह म्हणजे रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू. ज्याच्या कॉम्प्युटरवर हा कोन नाही, तो माणूस काकांच्या लेखी मुंज व्हायचा राहिलेला. डोंबिवलीत असे काका दर दोन इमारतींमागे एक निघतात. आमचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एवढाच फरक.

शर्टाच्या खिशात पूर्वी पेन असायचं, तिथं आता पेनड्राइव्ह असतो. खिशातून घरंगळू नये म्हणून जुन्या पेनाचं टोपण त्याला रबरबँडनं बांधलेलं. आत इन्स्टॉलर दोन: एक बत्तीस बिटचा, एक चौसष्टचा. "पेशंट कुठल्या वयाचा निघेल सांगता येत नाही," असं काका म्हणतात.

"काका, सिनेमा लागत नाहीये."

"चित्र नाही की आवाज नाही?"

"कोडेक नाही असं लिहून येतंय."

"कशाला हात लावू नका. आलो."

पण हात लागलेला असतोच. घरातल्या कुणीतरी सर्च मारून, दिसेल त्या साइटवरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलेलं असतं. त्यासरशी प्लेअर आलेला नसतो, पण एक हवामान सांगणारी पट्टी, एक कॉम्प्युटर साफ करून देणारा भामटा आणि एक अनोळखी होमपेज घरात राहायला आलेलं असतं. वैदूचं औषध घेऊन आलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, तसे काका बघतात. "हिरवं दिसलं की निघायचं? सिग्नल आहे का तो?" मग ते आधी आगंतुकांना हाकलतात, हात धुऊन येतात (खरोखर धुतात) आणि पेनड्राइव्ह लावतात.

इन्स्टॉल करायला दोन मिनिटं पुरतात. काकांना पाऊण तास लागतो, कारण ते परवाना वाचून दाखवतात. आपण सगळे 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटणारी माणसं. काका बोट धरून थांबवतात. "वापरा, आतून उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. असं लिहून देणारा एक तरी घरमालक दाखवा!" पहिल्यांदा सुरू करताना प्लेअर गाण्यांची माहिती नेटवरून आणू का असं विचारतो, तिथली खूणही ते काढतात. "आपण घरात काय बघतो, ते गावाला कशाला?"

"पण फुकट म्हणजे पुढे काहीतरी गोची असणारच," आमची आजी म्हणाली. फुकट ते पौष्टिक असं आपण म्हणतो खरं, पण मनातून पौष्टिक तेवढं विकतच असतं अशी आपली श्रद्धा.

याच प्रश्नाची काका वाट बघत असतात. उपरणं नसतं, एवढंच, बाकी कीर्तनच. पूर्वरंगात १९९६ साल, पॅरिसजवळचं एकोल सेंत्राल हे इंजिनिअरिंग कॉलेज आणि तिथली वसतिगृहातली पोरं. नेटवर्क इतकं मंद, की गेम खेळता येईनात. काका इथं 'अभ्यास' म्हणतात. नवं नेटवर्क हवं तर कारण हवं, म्हणून उपग्रहावरून येणारा टीव्ही नेटवर्कमधून खोलीखोलीत दाखवायचं पोरांनी ठरवलं. त्यातून हा प्लेअर जन्मला आणि २००१ साली तो मुक्त परवान्याखाली सगळ्या जगाला मोकळा झाला. तिथल्या विद्यार्थी मंडळानं रस्त्यावरचे शंकू गोळा करून ठेवले होते, म्हणून चिन्ह शंकूचं. "म्हणजे चोरलेले?" आजी. "गोळा केलेले," काका. आमच्याकडे हे चिन्ह सुचणं अवघडच होतं. आम्ही खड्ड्यात झाडाची फांदी रोवतो.

उत्तररंगात झाँ-बाप्तिस्त केम्फ येतात. प्लेअरमागच्या ना-नफा संस्थेचे हे अध्यक्ष. जाहिराती घुसवण्यासाठी आलेले कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव त्यांनी नाकारले, हे सांगताना काकांचा गळा दाटतो. आजीचाही दाटला. "त्याच्या बायकोला ठाऊक आहे का हे?" तिनं विचारलं.

२०२२ साली त्या प्लेअरची मूळ साइट भारतात उघडेनाशी झाली. आधी बसवलेले प्लेअर चालूच होते, पण काका बेचाळीसच्या चळवळीत गेल्यासारखे वागू लागले. जिन्यात आवाज खाली आणून विचारायचे, "तुमच्याकडे आहे ना? नसेल तर सांगा, पोचवतो." नोव्हेंबरात कायदेशीर नोटिशीनंतर बंदी उठली, तेव्हा ते जरासे हिरमुसलेच. डाउनलोडचा आकडा सहाशे कोटींवर गेल्याची बातमी २०२५ च्या जानेवारीत आली, तेव्हा ते म्हणाले, "माझे पेनड्राइव्हवरचे त्यात धरलेले नाहीत."

डिसेंबर हा त्यांचा धावपळीचा महिना. नाताळच्या सुमारास प्लेअरमधल्या शंकूवर लाल टोपी चढते आणि चार घरांतून "व्हायरस आला" म्हणून फोन येतात. "फ्रान्सचं आहे ते. तिकडे काय आकाशकंदील लावतील?" असं म्हणत काका सगळीकडे स्वतः जाऊन टोपी बघून येतात.

पैसे विचारलेत तर संबंध संपले. चहा चालतो, बिनसाखरेचा. मात्र सिनेमा सुरू झाला की दोन मिनिटांत "चालतंय!" म्हणून ते उठतात. नायकाचं पुढे काय होतं, यात त्यांना रस नाही. नायक हलतो, बोलतो, ओठ आणि आवाज एका वेळी येतात, की त्यांची कथा संपली. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांनी एक सिनेमा शेवटपर्यंत बघितला असेल तर शपथ," काकू सांगतात. त्या स्वतः मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून मालिका बघतात. काका मागून जाताना पुटपुटतात, "जाहिराती येतायत."

अलीकडे बोलावणी कमी झालीत. फाइल कुणाकडेच उरलेली नाही. सगळं वरूनच येतं, नळाच्या पाण्यासारखं. गेल्या महिन्यात माळा साफ करताना आमच्या लग्नाची सीडी सापडली, २००१ ची. आमच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नाही. काका वायरवाला ड्राइव्ह घेऊन धावत आले. डॅट फाइल प्लेअरवर टाकली आणि चित्र लागलं. पण अक्षता आधी पडत होत्या आणि 'सावधान' मागून येत होतं. काकांनी 'जे'ची कळ दाबायला सुरुवात केली. एका दाबाला आवाज पन्नास मिलिसेकंद अलीकडे. वीसेक दाबांनंतर 'सावधान' वेळेवर आलं. "लग्न आता मुहूर्तावर लागलं," काका म्हणाले. बायको म्हणाली, "चोवीस वर्षं उशिरा."

ते उठणार, तेवढ्यात पडद्यावर मांडवाच्या कोपऱ्यात एक सडपातळ, काळ्या केसांचा माणूस दिसला. अॅम्प्लिफायरवर वाकलेला. त्यानं माइकवर दोनदा टिचकी मारली, हॅलो हॅलो म्हटलं, माइक गुरुजींच्या हातात दिला, त्यांना अंगठा दाखवला आणि फ्रेमबाहेर निघून गेला. पुढच्या पंगतीत तो कुठेच नव्हता.

"काका, जेवला नव्हतात तुम्ही आमच्या लग्नात?" मी वळून विचारलं.

खुर्ची रिकामी होती. जिन्यातून आवाज आला, "चालतंय ना?"