गोळीची नस्ती

तात्यांना तुम्ही ओळखत नसाल, पण तुमच्या आळीत तुमचे तात्या असतीलच. आमच्या वसई-विरार पट्ट्यात तर ते जागोजाग आहेत. तीस-बत्तीस वर्षं विरार लोकलने चर्चगेट गाठायचं, तिथून मंत्रालय, संध्याकाळी परत तेच साठ किलोमीटर, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ. अशा माणसाच्या हातून खुर्ची सुटते, नस्ती सुटत नाही. आमच्या तात्यांकडे घरातला कोणताही प्रश्न 'सादर' व्हावा लागतो. मग त्यावर टिपणी, मग अभिप्राय, मग 'कृपया चर्चा करावी'. वाडीतल्या विहिरीवरचा पंप बदलायचं प्रकरण असंच दोन पावसाळे चर्चेत होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात जुना पंप जळाला आणि काकूंनी बाजारातून येता येता नवा आणला, तेव्हा तात्यांनी आठवडाभर त्या पंपाकडे पाहिलं नाही.

तात्या निर्णयाला घाबरतात असं मात्र कुणी समजू नये. त्यांना निर्णय मनापासून आवडतो, म्हणूनच तो लवकर संपलेला आवडत नाही.

मुलगी-जावई नैरोबीला असतात. जावई औषध कंपनीत. दिवाळीनंतर तात्या-काकूंनी तिकडे जायचं ठरलं: नैरोबी, तिथून मसाई मारा, मग मोंबासाचा समुद्र. ('अर्नाळा हाकेवर असताना समुद्र बघायला मोंबासाला कशाला?' ही काकूंची हरकत वेगळ्या नस्तीत आहे.)

आधी पीतज्वराची लस. इथे तात्यांनी मला चकित केलं. एकाही माणसाचा अभिप्राय न मागवता मुंबईच्या सरकारमान्य केंद्रात गेले, रांग लावली, दंड पुढे केला, टोचून घेऊन आले. कारण उघड होतं. तिकडून परतताना पीतज्वराचा दाखला नसेल तर आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. लसीबरोबर पिवळं पुस्तक मिळतं, त्यात तारीख, सही आणि शिक्का. दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. "जन्मभर!" तात्या दोनदा म्हणाले. "हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं, आणि हा जन्मभर." पुस्तक त्यांनी पासपोर्टच्याही आत ठेवलं.

हिवतापाच्या गोळीला शिक्का नाही. ती घेतली का, हे ना आपल्या विमानतळावर कुणी विचारत ना त्यांच्या. म्हणजे बाब ऐच्छिक. सक्ती असली की तात्यांसारखा आज्ञाधारक नागरिक शोधून सापडणार नाही. नुसता सल्ला असला की त्यांना मैदान मोकळं.

पहिली टिपणी त्यांनी मला ओट्यावर बसून तोंडी ऐकवली. "आपण निर्मळचे. घरामागे बावखल. दिवेलागणीला दार उघडं राहिलं तर डास आत येऊन पाट मागतात. महापालिकेची धुराची गाडी येते तेव्हा ते आमच्याकडे मुक्कामाला असतात. बावखलात गप्पी मासे सोडले, ते बगळ्यांनी खाल्ले. मला डासांची ओळख आफ्रिकेने करून द्यावी?"

पुढचा मुद्दा ऐतिहासिक होता. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर लोकांना हिवताप झाल्याची सरकारी नोंद आहे. तात्या तेव्हा दहा वर्षांचे, आणि त्या चौसष्ट लाखांत आपण एक होतो याचा त्यांना अजून अभिमान आहे. हिवतापाचा कर्मचारी यायचा, बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या द्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून जायचा. "ती प्रतिकारशक्ती कुठे गेली? वडिलोपार्जित आहे. सातबाऱ्यावर चढवायची तेवढी राहिली."

हे मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणजे असे बरेच तात्या त्यांनी पाहिलेले असावेत. लहानपणच्या तापाची पुण्याई पन्नास वर्षं पुरत नाही, म्हणाले. जिथे वर्षानुवर्षं संसर्ग होत राहतो तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगी थोडीफार सहनशक्ती येते, तीही मुक्काम हलवला की ओसरते. शिवाय आपल्याकडच्या थंडी-तापात बऱ्याचदा व्हायवॅक्स जातीचा जंतू असतो. तो माणसाला गदागदा हलवतो, पण सहसा मारत नाही. आफ्रिकेत राज्य फाल्सिपेरमचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे पाच लाख सत्त्याण्णव हजार माणसं गेली, त्यातली शंभरात पंचाण्णव आफ्रिकेत. फार करून लहान मुलं.

तात्यांना हा आकडा कळवला. "लहान मुलं," त्यांनी अधोरेखित केलं. "म्हणजे ज्येष्ठांना लागू नाही."

तात्या ही केवळ वसईची पैदास आहे असा माझाही समज होता. पण विलायतेत दर वर्षी जे हिवतापाचे रुग्ण सापडतात, त्यांत बहुसंख्य लोक आफ्रिकेत आपल्या माणसांना भेटायला जाऊन आलेले असतात. मूळचे नायजेरियाचे, घानाचे, लंडनला स्थायिक झालेले. गावी जाताना गोळ्या घेत नाहीत. आपल्याच गावचा डास आपल्याला काय करणार? लंडनमध्येही ओटे असते तर तिथे बसून हेच बोलणं झालं असतं.

मग अभिप्राय सुरू झाले. पलीकडच्या वाडीतले अंकल आयुष्यभर बोटीवर होते, पश्चिम आफ्रिकेची बंदरं त्यांना पाठ. त्यांनी आठवड्याला एक अशी मेफ्लोक्विन घेतली होती. तिच्यावर त्यांना स्वप्न पडलं: संध्याकाळी सव्वासहाची वेळ, चर्चगेटला विरार फास्ट, खिडकीची जागा, आणि समोरचा माणूस म्हणतोय, "अंकल, पाय पसरा की." दचकून उठले, अंगाला दरदरून घाम. त्या गोळीने काहींना चित्रविचित्र स्वप्नं पडतात, काहींचं मन बिघडतं, हे खरंच आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तिच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. तात्यांनी स्वप्नाची नोंद घेतली आणि शेजारी लिहिलं, 'अनुकूल की प्रतिकूल, स्पष्ट व्हावे.'

सोपाऱ्याच्या एका होमिओपॅथ मित्राने साबुदाण्याच्या गोळ्या देऊ केल्या. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी फक्त मान हलवली, आडवी. तात्यांना स्वतःला क्लोरोक्विन हवी होती, जुन्या ओळखीची म्हणून. पण पूर्व आफ्रिकेतला फाल्सिपेरम १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून क्लोरोक्विनला जुमानेनासा झाला आहे. जावयाने फोनवर अर्धा तास सगळं नीट समजावलं. तो अभिप्राय तात्यांनी बाद ठरवला. "तो औषध कंपनीत आहे. गोळी घ्या असंच सांगणार. हितसंबंध गुंतलेत." जावयाची कंपनी मधुमेहाची औषधं विकते, ही बाब टिपणीत आली नाही.

भूगोलावरही चर्चा झाली. नैरोबी महाबळेश्वरापेक्षा उंच, तिथे हिवतापाचा धोका कमी, हे तात्यांचं म्हणणं बरोबर निघालं. त्या दिवशी ते फार आनंदात होते. पण मारा आणि मोंबासा? मोंबासा तर थेट समुद्रसपाटीला. "मग तेवढ्याच दिवसांपुरती अर्धी गोळी," त्यांनी तोडगा सुचवला.

मी त्यांना आणखी एक बातमी दिली, आणि ती द्यायला नको होती. मुंबईच्या विहिरींत अंडी घालणारा अॅनॉफेलिस स्टीफेन्सी नावाचा आपला डास आहे. डॉ. बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या मलेरियाची चौकशी केली तेव्हा याच्यावरच बोट ठेवलं, आणि त्यापायी शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या गेल्या. तो आपल्या दक्षिण आशियातला आणि अरबस्तानातला मूळ रहिवासी. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात, आणि आता केनियातही पोचला आहे. ग्रामीण आफ्रिकेतला हिवताप तो शहरांत नेईल या काळजीने तिकडच्या तज्ज्ञांची झोप उडाली आहे.

तात्या कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाले, "त्याच्याकडे पिवळं पुस्तक मागितलं होतं का?"

एवढ्यात तारखा सरकत होत्या. मेफ्लोक्विन निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते. तात्या स्वप्नाचा अर्थ लावत असताना ती मुदत उलटली. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस पुरते आणि परतल्यावर सातच दिवस, पण ती महाग. उरली डॉक्सिसायक्लिन. स्वस्त, रोज एक, निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू आणि परतल्यावर चार आठवडे. तिचं माहितीपत्रक तात्यांनी भिंग लावून वाचलं. उन्हात कातडी लवकर भाजते. भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, घेऊन लगेच आडवं होऊ नये. अँटासिडबरोबर घेऊ नये. तिथे भिंग थांबलं. जेवणानंतर गुलाबी अँटासिडचं झाकणभर औषध हे तात्यांचं मंत्रालयापासूनचं व्रत. "एवढ्यासाठी मी पित्त अंगावर काढू?"

काकू पहिल्याच दिवशी 'घ्यायची' म्हणाल्या होत्या. पण तोंडी, म्हणून नोंद झाली नव्हती. निघायला दोन दिवस राहिले तेव्हा त्या एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. काय बोलणं झालं माहीत नाही. येताना त्यांनी लेटरहेडवर लिहिलेला एक कागद आणला. 'खालील दोन्ही प्रवाशांनी प्रस्थानाच्या दोन दिवस आधीपासून परतल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत रात्रीच्या जेवणानंतर डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. घेणे बंधनकारक आहे. अँटासिड दुपारी.' खाली सही, नोंदणी क्रमांक, आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का.

तात्यांनी कागद उजेडाला धरला. शिक्का सहीवर अर्धा चढला होता, म्हणजे अस्सल. "असं लेखी आधी द्यायला काय झालं होतं?" म्हणाले, आणि त्याच रात्री जेवणानंतर पहिली गोळी घेऊन अर्धा तास ओट्यावर ताठ उभे राहिले. 'आडवं होऊ नये' याचा त्यांनी शब्दशः अर्थ घेतला होता. आदेशाची एक प्रत मुलीला गेली, एक निवड नस्तीत.

आफ्रिकेतलं फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत लांब बाह्या, ओडोमॉस, मच्छरदाणी. दिवसा उन्हापायी एवढी मोठी टोपी की माऱ्यातल्या फोटोत सिंहाचं शेपूटच दिसतं. डास म्हणाल तर, "निर्मळच्या मानाने अगदीच सुमार."

परतल्यावर नवा मुद्दा निघाला. आदेशाची हद्द वसईला लागू आहे का? घरी आलो, मग चार आठवडे गोळी कशाला? डॉक्टरांनी फोनवर सांगितलं: जंतू आधी यकृतात दडून वाढतो, मग रक्तात उतरतो. ही गोळी त्याला रक्तात गाठते, म्हणून तो उतरेपर्यंत दारात बसून राहायचं. मध्येच सोडलीत आणि ताप आला, तर तो फाल्सिपेरम बावखलावरचे डास तुमच्याकडून पुढच्या घरी नेतील. हे तात्यांना पटलं. शेजारधर्म त्यांना समजतो.

चार आठवडे संपले त्या सकाळी ते माझ्याकडे आले. हातात गोळ्यांचं पाकीट, त्यात एक गोळी.

"एक शिल्लक आहे."

"मग काय झालं? संपलं ना आता, तात्या."

"हिशेबाने शून्य उरायला हवी. म्हणजे एका रात्रीची चुकली. कोणती?"

मोंबासाहून नैरोबीला यायला उशीर झाला ती रात्र, की विमानातली? नैरोबीचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, तर तेवढ्यात एक अख्खी गोळी कशी उरते? काकूंचं म्हणणं, दुकानदाराने एक जास्त दिली असेल, टाकून द्या. तो अभिप्राय पुराव्याअभावी राखून ठेवला आहे. गोळी लिफाफ्यात घालून वर तारीख टाकली आहे. चौकशी समितीत तूर्त मी एकटाच सदस्य आहे, आणि रविवारच्या पहिल्या बैठकीला येताना तिकिटांच्या झेरॉक्स आणायला मला सांगितलं आहे.