जायला सहा, यायला चोवीस

आमच्या तात्यांच्या मते अमेरिका इथून सहा तासांवर आहे, पण अमेरिकेहून इथं यायला पुरते चोवीस तास लागतात. हा शोध त्यांनी मुलाच्या तिकिटावरून लावला. मुंबईहून रात्री अकराला सुटलेलं विमान पहाटे पाचला न्यूअर्कला टेकतं. तिथून रात्री साडेआठला निघालेलं मुंबईत उतरतं दुसऱ्या रात्री साडेआठला. "पोरं जात्यात झटदिशी आन् यायला का येळ लावत्यात, ते आज कळलं," तात्या म्हणाले.

मी कागद-पेन घेऊन बसलो. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं. ते सहात मिळवा, झाले साडेपंधरा. चोवीसातून वजा करा, राहिले साडेचौदा. साडेबारा हजार किलोमीटरला एवढे लागणारच.

"मग येताना तास कमी कसा? उतार हाय व्हय?"

उतार नाही, वारा. तेवढ्या उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडं सुसाट वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. हे त्यांना लगेच पटलं. उभा जन्म सायकल मारलेल्या माणसाला वारा समजावून सांगावा लागत नाही.

न पटला तो रस्ता. अमेरिका पश्चिमेला, मग विमान आइसलँड-ग्रीनलंडच्या अंगानं कशाला जातं? नातवाच्या पृथ्वीगोलावर मी मुंबई ते न्यूअर्क सुतळी ताणून दाखवली. ती आपसूक वर सरकली. गोलावर जवळची वाट तीच. तात्यांनी सुतळी दोनदा खाली ओढून पाहिली. "आपला वडापवालासुद्धा शिटा भराय एवढा फिरत न्हाई," म्हणाले.

शिवाय त्यांच्या बाजूनं खंबाटकी होती. आमच्या उंब्रजहून पुण्याकडं निघालं की बोगद्यातून सुळकन पलीकडं; परत येताना मात्र ट्रकच्या मागं धूर खात अख्खा घाट चढावा लागायचा. जाणं सोपं नि येणं अवघड, हे हायवेलाच मान्य असताना माझ्या घड्याळाला कोण विचारतो?

शेवटी प्रकरण मारुतीकडं गेलं. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावात, त्यामुळं विमानविद्येत आम्ही कुणाला हार जात नाही. लंका ते हिमालय सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन पाच हजार, तेही सूर्य उगवायच्या आत. ताशी नऊशेच्या जेटलाही साडेपाच-सहा तास लागतील. मधे कालनेमीचा खोळंबा वेगळाच.

"आन् येताना डोंगर हातात," काकू आतून म्हणाल्या. "त्याचं कुणी वजन केलं न्हाई." त्या तेव्हा कांदा-लसूण चटणीची पिशवी ताणकाट्याला लावून बघत होत्या. तेवीस किलोची एकेक बॅग. चटणी, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू भरले की पोराच्या कपड्यांना जागा उरायची नाही. काकूंच्या मते कपडे तिकडंही मिळतात.

काटा खाली ठेवून त्या बाहेर आल्या. "तास मोजताय मघापासनं. पुढच्या खेपंला त्याला रजा किती, ते इचारलं का?"

रजा दोन आठवड्यांची होती, प्रवास धरून. तात्यांनी माझा कागद ओढून घेतला, चोवीसावर काट मारली आणि साडेचौदा ठळक केले.

"तुझाच हिशेब बरोबर," ते म्हणाले. "साडेनऊ तास जास्त ऱ्हाईल पोरगं."