तथी गेल्यावर पाहू

भाऊसाहेब हे कुणा एकाचं नाव नाही. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत एक आहेत, नव्या वस्तीत दोघं-तिघं, आणि अमरावतीच्या साईनगराकडे घर बांधून गेलेले वेगळे. जिल्हा परिषदेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त, खिशाला पेन, पायात चामड्याच्या चपला आणि कुठल्याही प्रवासाला पुरेल असं एकच वाक्य तोंडी: "तथी गेल्यावर पाहू ना बाप्पा."

हे वाक्य पूर्वी पंढरपूर, तिरुपती, फार तर काशीपर्यंत चालायचं. 2023 च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांना बिनव्हिसा येऊ द्यायला सुरुवात केली आणि वाक्य समुद्रापार गेलं. आमच्या आळीतल्या भाऊसाहेबांनी बँकॉकचा हिशेब पानठेल्यावर उभ्या उभ्या मांडला. "इथून गीतांजली धरली का सिद्दं कोलकाता. तथून अडीच तासात विमान बँकॉकले टेकते. पॅसेंजरनं नागपूरले जाले याहून जास्त येळ लागते. म्हंजे बँकॉक जवळ झालं का नाई?" भूगोलाच्या मास्तरालाही हे खोडता आलं नसतं. कुणीतरी भीत भीत हॉटेलाचं विचारलं. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "मानसं रायते ना तथी? मंग?"

हे धाडस येतं कुठून? थोडं आमच्या स्टेशनातून येतं. मुंबईहून निघालेले रूळ 1867 साली नागपूरला पोचले ते बडनेऱ्यावरून. अमरावती एवढी कापसाची पेठ, पण मुख्य लाइन तिला मिळाली नाही, फाटा मिळाला. (हे अमरावतीकरांना अधूनमधून आठवून द्यावं, तब्येतीला बरं असतं.) तर आम्ही जन्मापासून बघत आलो आहोत: रात्री दोनला गाडीतून बिऱ्हाडं उतरतात, फलाटावर चादर पसरतात, पोरं निजवतात आणि सकाळी चहा पिऊन मार्गाला लागतात. मुक्कामासाठी आधी कुणाला कळवावं लागतं, ही कल्पनाच आमच्याकडे उशिरा आली.

पण खरे बिघडलो ते शेगावामुळे. गजानन महाराजांच्या भक्त निवासात आगाऊ बुकिंग नाही. जायचं, रांगेत उभं राहायचं, खोली मिळते. नाही मिळाली तर सतरंजी मिळते. महाप्रसाद मिळतो, सेवाधारी 'माउली' म्हणून वाट दाखवतो. लहानपणापासून ज्याला दर पाच-सहा महिन्यांनी ही वागणूक मिळाली, तो बँकॉककडूनही तीच अपेक्षा ठेवणार. त्यात आमचा जिल्हा गाडगेबाबांचा. शेंडगावात जन्मलेल्या या माणसानं स्वतःसाठी खोपटं बांधलं नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या, कारण येणारा माणूस सोय पाहून येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. भाऊसाहेबांनी बाबांकडून झाडू घेतला नाही, धर्मशाळा तेवढी घेतली.

आणि कुणी वाद घातलाच तर हातात हुकमाचा एक्का असतो. "1936 ले आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पोट्टे बर्लिनच्या ऑलिंपिकले गेलते, मल्लखांब दाखवाले. त्याईनं काय मोबाइलवर हॉटेल पायलं होतं?" ते ऑलिंपिकसारख्या ठिकाणी अख्खा संघ म्हणून गेले होते, सहकुटुंब फिरायला नव्हे, हे सांगून उपयोग नसतो.

पुण्याच्या जावयानं मात्र ताण घेतला. थायलंडला जाणाऱ्याला 1 मे 2025 पासून आधीच ऑनलाइन कार्ड भरावं लागतं, आणि त्यात मुक्कामाचा पत्ता लागतो. जावयानं एक हॉटेल धरून पत्ता टाकला. भाऊसाहेबांना सुगावा लागला. फोनवर पहिला प्रश्न: "फुकट रद्द होते का?" होतं म्हणाल्यावर दुसरा प्रश्न आलाच नाही, थेट आज्ञा आली. महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या नियमाला महाराष्ट्रातल्याच माणसानं असं वागवलं.

पुढची हकिकत भाऊसाहेब सांगतात ती अशी. पहाटे उतरलो. विमानतळाचं नावच सुवर्णभूमी, तिथं परकं काय वाटायचं? काउंटरवरच्या पोरीनं 'हॉटेल?' विचारलं, आपण 'हाव' म्हटलं, तिनं शिक्का मारला. बाहेर आलो तर समोर पगडी! सरदारजीला म्हटलं, "भाईसाब, इधर धरमशाला किधर है?" तो म्हणाला, पाहुरात. पाहुरात म्हणजे कापडबाजार, सगळे पंजाबी व्यापारी, मधोमध मोठा गुरुद्वारा. लंगरात बसलो, डाळ-रोटी खाल्ली, वर थोडा लसूण सोलून दिला, म्हणजे उपकारही राहिला नाही. शेजारी बसलेल्या दुकानदारानं मागच्या गल्लीतला लॉज दाखवला. झाली ना सोय?

'झाली ना सोय?' हा भाऊसाहेबांचा विजयस्तंभ आहे. सोय कशी झाली हे त्यात कधीच कोरलेलं नसतं.

ते वहिनींकडून कळतं. भाऊसाहेब पानठेल्यावर अंतरं मोजत होते तेव्हा वहिनी बॅग भरत होत्या. ती बॅग मी हातानं उचलून पाहिली आहे, म्हणजे प्रयत्न केला आहे. तिच्यात तळलेले धापोडे, जवसाची चटणी, लसणाचा ठेचा, तिखटामिठाच्या पुऱ्या, पाणी उकळायची किटली, कपडे वाळवायची दोरी, खोलीला लावायचं स्वतःचं कुलूप, दोन चादरी, एक सतरंजी, तापाच्या गोळ्या आणि हळदीची पुडी. सगळ्यात खाली एक लग्नपत्रिका. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला बहिणीच्या मुलीनं फोनवर सांगितलेला पत्ता बॉलपेननं लिहिलेला: गुरुद्वारा, पाहुरात, आणि त्याखाली 'लंगर सकाळी'.

"सरदारजी यायले नाई भेटले," वहिनी पदरानं कपाळ टिपत म्हणाल्या, "मले भेटले. हे तर अर्धा तास पुसत होते का इथं पान कुठी भेटते. मी त्या भावाले पत्रिका दाखवली, मंग त्यानं टॅक्सी करून देली. अन् त्याच्या पहिले तीन तास मी या बॅगवर बसून होती."

मी म्हटलं, "मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगून काय? मंग पुढच्या टायमाले घरीच बसतीन."

यात वहिनींचा हिशेब आहे. भाऊसाहेबांच्या बेफिकिरीमुळे त्यांना जग दिसतं. नियोजन करणाऱ्या शेजाऱ्याची बायको अजून पचमढीच्या पुढे गेलेली नाही, कारण सगळ्या तारखा जुळत नाहीत. वहिनींनी बँकॉकच्या विमानतळावर परतताना समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा पाहिला, वासुकीला धरून ओढणारे देव-दानव पाहिले, त्यांच्यापुढे फोटो काढला. भाऊसाहेबांचं त्यावरचं भाष्य एवढंच: "पाय, त्याईनं बी अमृत बुक नव्हतं केलं."

यंदाच्या हिवाळ्यात मात्र गंमत झाली. भाऊसाहेब मुलीला गाडीवर बसवून द्यायला गेले आणि परतताना फलाटावरून एक गोरा पोरगा घेऊन आले. त्याला मेळघाटात वाघ पाहायचा होता. खोली ठरवलेली नव्हती, जंगलातली सफारी नव्हती, चिखलदऱ्याची बस कुठून सुटते हेही माहीत नव्हतं. मी गेलो तेव्हा तो पाट घेऊन भिंतीला टेकला होता आणि भाऊसाहेब समोर बोट नाचवत उभे होते.

"नो बुकिंग? नथिंग? अरे बाप्पा, अननोन कंट्री में ऐसा बिनठिकाने का कोई आता है क्या? घरवालों ने कुछ बोला नहीं? पहले हॉटेल करना, बाद में निकलना!"

पोरगा हसून मान हलवत होता. बहुधा त्याच्या देशातही हेच कुणीतरी बजावलं असावं. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "पाय ना बे, काय हे आजकालचे पोट्टे. काई तयारी नाई, काई नाई!"

स्वयंपाकघरातून पिठल्याच्या फोडणीचा चर्र आवाज आला आणि पाठोपाठ वहिनींचा. "त्याले भाकरी किती लागते तेवढं इचारा पहिले, बाकीचं ग्यान मंग द्या."