सातशेच्या आळीत

खडकवासल्यात राहणाऱ्याला अर्धवट अस्तित्वाचं फारसं नवल वाटत नाही. इथल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात समुद्राशिवाय बंदरं आणि डोंगराशिवाय नद्या वर्षानुवर्षं सुखानं नांदताहेत. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सिंचनाच्या कामासाठी सुरू झालेली ही संस्था. दूरच्या किनाऱ्यावरचं बंदर इथं आटोपशीर मापात बांधतात, त्यात भरती आणतात, ओहोटी आणतात, लाटासुद्धा सोडतात. त्या पाण्यात उतरलेला माणूस चार ढांगांत अख्खी खाडी ओलांडतो आणि पँटची दुमड सोडत चहाला जातो. अशा शेजारात आमच्या कचेरीनं ज्यांच्याकडे फोनच नाही अशांना फोन नंबर द्यायचं ठरवलं, तेव्हा कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही.

कारण साधं होतं. आमच्याकडे माणसं जास्त, टेबलं कमी. सर्व्हेवाले, ड्रायव्हर, पाण्याच्या पातळ्या मोजत हिंडणारे मदतनीस, यांना टेबल नाही म्हणून फोन नाही, आणि फोन नाही म्हणून त्यांचा प्रत्येक निरोप ऑपरेटर मॅडमच्या वहीत. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहेत, पण पानशेतच्या पुढं वेल्ह्याच्या दऱ्याखोऱ्यांत शिरलं की मोबाइलचा उपयोग घड्याळ बघण्यापुरता उरतो. शेवटी कचेरीची फोनयंत्रणा बघणाऱ्या ईपीएबीएक्सवाल्यांना बोलावलं. ते गृहस्थ कमी बोलणारे. "एक्स्टेन्शन म्हणजे काय साहेब," ते म्हणाले, "तारेची एक जोडी, भिंतीवर रोझेट आणि टोकाला फोन. व्हॉइसमेलच्या मेलबॉक्सला यातलं काही लागत नाही. डिस्कवर थोडी जागा, एक नंबर, एक पासवर्ड." दोनशेचे नंबर टेबलवाल्यांचे होते, म्हणून या नव्या मंडळींसाठी त्यांनी सातशेची आळी पाडली. सातशेचा कुठलाही नंबर फिरवा, कुठंही घंटा वाजत नाही. फोन थेट आत जातो, तिथं मालकाचा आवाज दोन वाक्यं बोलतो, आणि मग शिट्टी.

एकाच ठिकाणी गाडी अडली. निरोप आला की फोनवर एक छोटा लाल दिवा लागतो, तशी यंत्राची रीतच आहे. पडद्यावर चौकोन आला: दिवा कुठल्या एक्स्टेन्शनवर लावायचा? गृहस्थ बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले. मला वाटतं, त्या दुपारी त्यांच्यातला तंत्रज्ञ थोडा बाजूला सरकला असावा. कुणाच्या तरी नावानं निरोप येणार, तो जपून ठेवला जाणार, आणि त्याची खूण पटवणारा दिवा मात्र पृथ्वीच्या पाठीवर कुठंच लागणार नाही, हे काही त्यांच्या मनाला येईना. अखेर त्यांनी चौकोन कोरा ठेवला आणि निरोप ईमेलवर जाईल अशी सोय केली. बाहेर कुठूनही फोन करून पासवर्ड दाबला, तरी ऐकता येईल, हेही सांगितलं.

व्हॉइसमेलचे जनक म्हणून टेक्सासच्या गॉर्डन मॅथ्यूजचं नाव घेतात. त्यांना पेटंट मिळालं १९८३ साली. त्या सुमारास आपल्याकडे साध्या फोनसाठीसुद्धा नाव नोंदवून वर्षं मोजत बसावं लागे. पण फोनशिवायचा नंबर मात्र आपल्याकडे तेव्हाही होता. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, एलआयसी एजंटच्या कार्डावर, नंबरापुढे कंसात 'पी. पी.' अशी दोन अक्षरं असत. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. आमचा पी. पी. नंबर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा होता. काकू निरोप नुसता पोचवत नसत, त्यावर संस्कार करत. मामानं 'रविवारी येतोय' एवढंच सांगितलेलं असे, काकू जिन्यातूनच सांगत, "मामा येतायत रविवारी, पण आवाज जरा उतरलेला वाटला हो." मग रविवारपर्यंत आई मामाच्या तब्येतीची काळजी करी, आणि तो ठणठणीत चेहऱ्यानं दारात उभा राहिला की उलट त्याच्यावरच रागावे. काकूंच्या मेलबॉक्सला पासवर्ड नव्हता. दिवाही नव्हता, पण जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की आमच्या घरातली सगळी डोकी दाराकडे वळत.

यंत्राशी बोलणं आपल्या लोकांना अजून जमत नाही. सातशेच्या आळीतले सुरुवातीचे निरोप मी कामाचा भाग म्हणून ऐकले. बहुतेकांत तीनदा 'हॅलो', मग 'कोण बोलतंय?', मग मागच्या माणसाला 'अरे, उचलून गप्प बसलाय', आणि खटकन फोन खाली. आमचा जीव मिस्ड कॉलमध्ये. एक पैसा न खर्चता 'पोचलो', 'खाली ये' आणि 'दूध आण' एवढं सगळं सांगणारी भाषा हाताशी असताना शिट्टीनंतर कोण बोलणार?

शिवाय निरोपांचे डबे भरतात. भरले की यंत्र नवीन काही घेत नाही, सभ्यपणे नकार देतं. या बाबतीत आमचं खडकवासल्याचं धरण जास्त समजूतदार होतं. धरण जुनं, १८७९च्या सुमाराचं. त्यावर विश्वेश्वरय्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली बसले. पाणी ठरल्या पातळीवर चढलं की दरवाजे आपणहून उघडायचे, जास्तीचं पाणी सोडून द्यायचे, आणि पातळी उतरली की आपणहून मिटायचे. निरोपाच्या डब्याला असं काही सुचवता आलं तर बघा, असं मी ईपीएबीएक्सवाल्यांना म्हटलं. "सुचवता येतं," ते म्हणाले, "जुने आपोआप पुसायचे. पण कुणाचे पुसायचे ते तुम्ही लिहून द्या." मी विषय बदलला.

डबा सगळ्यांत आधी भरतो तो पातळ्या मोजणाऱ्या एका पोराचा. त्याची आई गावाकडून फोन करते. त्यानं रेकॉर्ड केलेलं वाक्य आहे, 'मी साइटवर आहे, निरोप ठेवा.' त्यातल्या स्वल्पविरामापाशी ती 'बरं' म्हणते, आणि वाक्य संपल्यावर 'जेवलास का?' असं विचारून उत्तरासाठी थोडं थांबतेही. मग म्हशीचं, विहिरीचं, कुणाच्या तरी साखरपुड्याचं सुरू होतं, आणि ऐन साखरपुड्यात दोन मिनिटं संपून शिट्टी वाजते.

परवा तो पोरगा ईपीएबीएक्सवाल्यांना गाठून म्हणाला, "काका, ती दोन मिनिटांची मर्यादा वाढते का?"

"वाढते. किती ठेवू?"

"आई दमेपर्यंत."

असा पर्याय यादीत नाही, असं काकांनी सांगितलं, आणि पाच मिनिटं केली.