डॉलरभाऊ

प्रताप नगरच्या आतल्या गल्ल्यांमध्ये अलीकडे एक नवी जमात वस्तीला आली आहे. तशी ती इथलीच. शिकून पुण्याला-हैदराबादला गेली होती, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप काखेत मारून आईबाबांकडे परतली आणि वरच्या मजल्यावर टेबल, कूलर अन् दोन कंपन्यांचं वायफाय लावून जी बसली ती बसलीच. ही मंडळी ज्या मशीनवर दिवसरात्र राबतात ती मुंबईत असते, नाहीतर फ्रँकफर्टला. ती मशीन त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तरी तिला जरा धाप लागली की यांचा इथे घास अडतो.

आमच्या गल्लीतल्या अशा गृहस्थाला सगळे डॉलरभाऊ म्हणतात. मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून ते फोनवर बोलायचे, आणि खालून जाणाऱ्याच्या कानावर एवढंच पडायचं: ‘‘अरे, तुझा डॉलर इथेच फुटला!’’, ‘‘डॉलर तिकडे रिकामा गेला बे!’’, ‘‘मले विचारल्याशिवाय डॉलर पाठवायचा नाही!’’ समोरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात हवाला ठरवून टाकला आणि दुसऱ्या आठवड्यात आपल्या भाचीची पत्रिका पुढे केली. भाऊंचं लग्न झालेलं आहे, हे कळल्यावर पुन्हा हवालाच. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर फिरून येताना फाटकाशी थांबून हलक्या आवाजात विचारायचे, ‘‘भाऊ, आज भाव काय?’’

एका रविवारी भाऊंनी काकांना गच्चीवर नेलं आणि सगळं समजावलं. शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह येतं. समजा, एका फोल्डरचं नाव आपल्या लॅपटॉपवर व्हेरिएबलमध्ये भरून ठेवलं आणि एसएसएचने दूरच्या मशीनला हुकूम धाडला, तर तो डॉलर उघडायचा कोणी? इकडच्या शेलने की तिकडच्या? हुकूम डबल कोटात असेल तर इकडचाच शेल किंमत भरतो आणि भरलेला हुकूम रवाना करतो. सिंगल कोटात असेल तर डॉलर जसाच्या तसा प्रवास करतो, तिकडचा शेल तो उघडतो आणि तिकडे त्या नावाचं काही नसेल तर तिथे रिकामी जागा ठेवतो. तक्रार नाही, एरर नाही. इकडे ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवलं तरी ते एसएसएचच्या तारेतून आपोआप पलीकडे जात नाही. आणि ‘डॉलर होम’ डबल कोटात लिहिलं, तर आपल्या प्रताप नगरातल्या घराचा पत्ता घेऊन तो हुकूम बिचारा फ्रँकफर्टमध्ये दारं ठोठावत हिंडतो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. ‘‘म्हणजे पैसे नाहीतच यात?’’

‘‘पगार आहे ना, काका. रुपयात.’’

त्या दिवसापासून काकांचा भाऊंवरचा जीव जरा उडालाच.

भाऊंचं दैवत फिनलंडचं आहे. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कोणी चोरून पासवर्ड टिपले, म्हणून ताटू इलोनेन या माणसाने 1995 मध्ये एसएसएच लिहिलं. एफटीपीचं पोर्ट 21, टेलनेटचं 23. मधलं 22 मोकळं होतं, ते त्याने रीतसर मागून घेतलं. हे भाऊ अशा थाटात सांगतात की जणू मधला प्लॉट सिटी सर्व्हेत यांनीच शोधून दिला. 1979 च्या बोर्न शेलबद्दल मात्र त्यांचा सूर मोठ्या काकांबद्दल बोलावं तसा असतो: माणूस थोर, पण कोटांचे नियम याच्याच घरचे, आणि निस्तरतोय कोण?

भाऊंना खरे पाहायचे तर रात्री अकरानंतर. तेव्हा हाताखालच्या पोट्ट्यांचे फोन येतात. मागे एकदा मी वर बसलो असताना स्पीकरवर एकजण उत्साहाने सांगत होता की जुने लॉग साफ करायची स्क्रिप्ट तयार आहे, फक्त एंटर बाकी आहे.

‘‘थांब बे. आरएमच्या आधी इको लाव. कोटाच्या आत.’’

‘‘काऊन भाऊ? टेस्ट मशीनवर मस्त चालून राहिली ना.’’

‘‘तिथे व्हेरिएबल आधीपासून सेट असेल. लाव म्हटलं ना.’’

पोट्ट्याने लावलं. आरएम म्हणजे फायली पुसून टाकायचा हुकूम; इको म्हणजे तो चालवायचा नाही, नुसता वाचून दाखवायचा. त्याने पडद्यावर उमटलेलं वाचायला सुरुवात केली: ‘‘आरएम मायनस आरएफ... स्लॅश बिन... स्लॅश बूट... स्लॅश ईटीसी...’’ स्लॅश होमपर्यंत येईस्तोवर आवाज बसला. सिंगल कोटामुळे फोल्डरचं नाव इकडेच राहिलं होतं. पलीकडे पोचली ती नुसती तिरपी रेघ आणि तारा, म्हणजे मुळापासून सगळं. नुसती तिरपी रेघ दिली तर आजकालचा आरएम अडून बसतो. पण तारा उलगडण्याचं काम शेल आधीच उरकतो, त्यामुळे आरएमपुढे नावांची साधी यादी येते आणि तो आज्ञाधारकपणे सुरू होतो.

भाऊ ओरडले नाहीत. नावाला महिरपी कंस घाल, कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह टाक, म्हणजे किंमत रिकामी असली की शेल जागीच थांबेल, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि गार झालेला चहा एका दमात संपवला.

याच गुणांनी माणूस घरात वावरायला कठीण होतो. एसएसएच सगळे शब्द मध्ये स्पेस टाकून एकत्र जोडतं, तिकडचा शेल ते पुन्हा तोडतो, आणि ‘जून अहवाल अंतिम’ या एका फाइलच्या तीन होतात. उपाय आहे, प्रिंटएफला टक्का-क्यू सांगितलं की ते नाव नीट बांधून देतं. पण भाऊंनी स्पेसशीच वैर धरलंय. लग्नाच्या अल्बमपासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्या फायलींना अंडरस्कोअर. कोणी व्हेरिएबलला एलसी_ हे आडनाव लावून पलीकडे सरकवतं (डेबियन-उबुंटूच्या मशीन भाषेच्या सेटिंगच्या नावाखाली ते मुकाट्याने आत घेतात), तेव्हा भाऊ ‘‘ही तस्करी आहे’’ म्हणतात आणि अडचणीच्या वेळी स्वतः तेच करतात. माझ्या मते एवढी एकच लबाडी त्यांच्या हातून होते, तेव्हा ती माफ असावी.

गणेशमंडळाच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, ‘‘नेहमीच्या मंडपवाल्याला सांगून टाका.’’ भाऊंनी हात वर केला: ‘‘नेहमीचा म्हणजे कोणाचा नेहमीचा? सांगणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा?’’ लोक हसले. मंडप मात्र त्या वर्षी दोन आले.

वहिनींनी आता यादी तोंडी द्यायचं सोडलंय. तेलाचा ब्रँड, डब्याचे लिटर, सांभाराची जुडी केवढ्याची, सगळं लिहून देतात. कुठेही ‘रोजचं’ नाही, ‘तेच’ नाही. परवा भाऊ ती यादी दोनदा तपासून चौकातल्या किराणावाल्याकडे गेले. त्याने यादीकडे पाहिलंही नाही.

‘‘वहिनींचा फोन येऊन गेला, भाऊ. सामान केव्हाच घरी पाठवलं.’’

‘‘कोणाच्या?’’ भाऊंनी विचारलं.