मनमोकळं बोला, मिनिट्स चालू आहेत

महाप्याच्या आमच्या ऑफिसात एचआरनं फतवा काढला: शुक्रवारी चार वाजता ‘बिनधास्त बोला’. विषय कितीही वादग्रस्त असो, कुणी राग धरणार नाही. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मिनिट्स वरिष्ठांना पाठवले जातील.

समोसे असल्यामुळे उपस्थिती शंभर टक्के. “कोण सुरुवात करतंय?” मॅडमनी विचारलं, आणि समस्त कर्मचारीवर्ग समोशातले वाटाणे निरखू लागला. शेवटी अकाउंट्समधल्या काकूंनी धाडस केलं, “एसी २४ वर ठेवला तर?” त्यावर खिडकीकडचे खवळले. २४ की २२, अशी घनघोर चर्चा झाली. तेवढ्यात साहेब आले आणि २२ वर एकमत झालं. साहेबांना २२ लागतो.

सहा वाजता खाली टपरीवर कटिंग हातात आल्याबरोबर आमचा उलवेकर म्हणाला, “नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचंच नाव पाहिजे.” वर हाच गृहस्थ “सगळं छान आहे” म्हणाला होता!

“बाळासाहेबांचं काय वाईट होतं?” डोंबिवलीकरानं काडी टाकली.

झालं. २०२१ साली सिडकोनं बाळासाहेब ठाकरेंचं नाव सुचवलं, तेव्हा २४ जूनला भूमिपुत्रांनी बेलापुरात धडक दिली होती, इथपासून उलवेकर सुरू झाला तो थेट १९८४ च्या जानेवारीत पोचला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दिबांनी, म्हणजे दि. बा. पाटलांनी, उभारलेलं आंदोलन, उरण तालुक्यातला गोळीबार, त्यात गेलेले पाच शेतकरी, मग आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना. “आपण जिथं उभे आहोत ना, तीसुद्धा कुणाची तरी भातशेती होती,” तो म्हणाला. डोंबिवलीकर गप्प झाला. जरा वेळानं म्हणाला, “हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मत माझं तेच आहे, पण चहाचे पैसे मी देतो.”

माझं मत? आमचं अप्रेझल मार्चमध्ये असतं.

ही वार्ता वर पोचली. पुढच्या शुक्रवारी मॅडम लॅपटॉप घेऊन टपरीवर हजर. त्या दिवशी चहात साखर जास्त आहे की कमी, यावर अत्यंत निर्भीड चर्चा झाली.

तेव्हा तमाम एचआर मंडळींना हात जोडून विनंती: माणसांची खरी मतं ऐकायची असतील, तर लॅपटॉप मिटा, साहेबांना घरी पाठवा आणि चहाचे पैसे तुम्ही द्या.