हवेची तोलाई

नागपूरच्या कळमना बाजाराच्या इतक्या जवळ राहून मी काटा ऑनलाइन मागवला, तिथेच चुकलं. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, किंमत ३९९ रुपये. त्यावर एक किलो मिठाचा पुडा ठेवला तर आकडा आला १ किलो १२० ग्रॅम. मिठाच्या कंपन्या इतक्या उदार झाल्याचं कुठे वाचण्यात नव्हतं. म्हणून काटा आणि पुडा पिशवीत घालून यार्डातल्या ओळखीच्या अडत्याकडे गेलो. त्याच्या काट्यावर पुडा किलोच्या आसपासच भरला.

"आपला काटा शिक्क्याचा हाये, भाऊ. तुमचा खेळण्यातला. काहून मागवला जी? द्या वापस करून."

वापस! विक्रेत्याने तक्रार लगेच मान्य केली, दिलगिरीही व्यक्त केली. फक्त माझ्या पिनकोडवर परतीचा माल उचलायची सोय नाही म्हणे. तुम्हीच कुरिअर करा, त्यातले ५० रुपये आमच्या ॲपच्या वॉलेटमध्ये जमा करू. म्हणजे माल आणून देणाऱ्या पोराला माझी गल्ली सापडते, तिसरा मजला सापडतो, न उचललेला फोनही चार वेळा लागतो. न्यायची वेळ आली की मी नकाशावरून गायब.

कुरिअरवाल्याने खोकं मोजलं. वजन नाही, खोकं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकाराला ५००० ने भागायचं, येईल ते किलो. माझं खोकं ३० बाय २५ बाय २०, म्हणजे झाले ३ किलो. आत काटा अर्धा किलोचाही नाही, बाकी सगळी हवा. लहान खोक्यात भरा ना, म्हणाल. पण माल मूळ खोक्यातच हवा, अशी अट. बिल २८० रुपये. कळमन्यात कडत्यावरून म्हणजे वजनातल्या कपातीवरून, तोलाईच्या मजुरीवरून रोज कटकटी होतात, पण हवेची तोलाई लावायची कुणाची छाती झालेली नाही.

बाजारात निदान प्रत्येक खर्चाला नाव असतं आणि तो कोणाच्या खिशातून जातो ते ठरलेलं असतं. ठरलेलं पसंत नसेल तर भांडण होतं. फळं-भाज्यांची अडत वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ मध्ये राज्य सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायला लावली. व्यापारी चिडले, संप झाले, पण खिसा बदलला.

परतीचं भाडं मात्र तिथेही जुनंच दुखणं आहे. भाव पडलेल्या दिवशी टमाटरचे क्रेट न विकता गावाकडे न्यायचे म्हटलं तर गाडीभाडं शेतकऱ्याचंच. तेवढ्यासाठी तो मातीमोल भावाला मान डोलावतो. खरेदीदाराला हे पक्कं ठाऊक असतं. ऑनलाइन विक्रेत्यालाही ठाऊक आहे, फक्त इथे क्रेट घेऊन मी उभा आहे. ३९९ परत मिळवायला २८० घालायचे आणि ५० वॉलेटमध्ये बघायचे, यापेक्षा काटा माळ्यावर टाकलेला बरा, असा हिशेब मी करणार हे धरूनच त्याचा धंदा बसवलेला आहे.

कायदा म्हणाल तर आहे. ई-कॉमर्सचे नियम २०२० चे. माल सदोष निघाला किंवा जाहिरातीतल्या वर्णनाबरहुकूम नसला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. परत पाठवण्याच्या खर्चाची माहिती त्याने स्पष्ट द्यावी, असंही त्यात आहे. माहिती द्यावी. खर्च कोणी द्यावा, तेवढं लिहायचं राहिलं. युरोपीय संघाच्या नियमात, मन बदललं म्हणून चौदा दिवसांत माल परत केला तर भाडं ग्राहकाचं. पण ते त्याला आधी सांगितलं नसेल, तर विक्रेत्याचं. गप्प राहणाऱ्याने पैसे भरायचे. आपल्याकडे गप्प राहणं फुकट आहे.

मला चपलेचा रंग आवडला नाही आणि मी ती परत केली, तर भाडं माझं. त्यात मी रडणार नाही. पण किलोला ११२० ग्रॅम म्हणणारा काटा मी नाही बनवला. त्याचं जाण्याचं, येण्याचं आणि हवेचं भाडं बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनी आपसात वाटून घ्यावं.

विक्रेता दिल्लीत आहे म्हणून दिल्लीला जावं लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला नागपुरात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवून पाहा. आणि तक्रार लिहाल तेव्हा मालाच्या किमतीखाली कुरिअरची रक्कम वेगळ्या ओळीत मांडा, पावती जोडा. माझी ओळ आहे: परतीचं भाडं, २८० रुपये, पैकी हवेचे अंदाजे २३५.